वजा सर्जेराव चौगुले

रानगंगा मोटर्स बुडाली असती तर कागल परिसरातल्या सहा हजार घरांच्या चुली थंडावल्या असत्या. म्हणून २०४३ च्या उन्हाळ्यात सरकारने कंपनीला दोन हजार आठशे कोटी रुपये दिले. कंपनीच्या विजेवरच्या बस उत्तम होत्या आणि देशभर धावत होत्या. कंपनी गाळात गेली ती उडत्या टॅक्सीच्या नादात आणि मुंबईत बांधलेल्या बावीस मजली मुख्यालयापायी.

मदत मिळून तीन महिने झाले आणि एक बातमी फुटली. संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी कौस्तुभ राजाध्यक्ष यांना अठरा कोटींचा 'टिकवण भत्ता' मंजूर केला होता. राजाध्यक्ष सोडून गेले तर कंपनी कोलमडेल, असं कारण ठरावात लिहिलं होतं. कंपनीचं आठ आसनी विमानही त्यांच्या दिमतीला कायम राहणार होतं.

पूर्वी अशा वेळी लोक दोन दिवस संतापायचे आणि तिसऱ्या दिवशी विसरून जायचे. आता मात्र मदतनिधी कायदा होता. जी कंपनी जनतेच्या पैशावर उभी आहे, तिथे कोणाला वर्षाला एक कोटीच्या वर काही द्यायचं असेल तर आधी या कायद्याने नेमलेल्या आयोगापुढे त्या माणसाची 'वजा' करावी लागे.

वजा करणारं यंत्र अन्विता चौगुलेच्या ताब्यात होतं. ती एकोणतीस वर्षांची होती. जीवशास्त्र शिकली आणि पुढे गणिताकडे वळली. शाळेतल्या मुलांना यंत्र समजावताना ती नेहमी उंदरापासून सुरुवात करायची.

"शरीरातलं एखादं जनुक काय काम करतं, ते नुसतं बघून कळत नाही," ती सांगायची. "मग शास्त्रज्ञ काय करतात? उंदराच्या शरीरातून तेवढं एकच जनुक काढून टाकतात आणि काय बिघडतं ते बघतात. शेपूट आखूड झाली तर समजायचं, ते जनुक शेपटीसाठी होतं."

यंत्र कंपनीच्या बाबतीत तेच करायचं. त्यात कंपनीची हुबेहूब प्रतिकृती असे. प्रत्येक यंत्राची नोंद, प्रत्येक खरेदी, प्रत्येक पत्रव्यवहार त्यात भरलेला असे. आणि प्रत्येक माणूस आजवर कोणत्या प्रसंगी कसा वागला, यावरून त्याचं वागणं शिकलेली एक सावलीही असे. मग त्यातली एक सावली काढून घ्यायची आणि कंपनी पुढचं वर्षभर चालवून बघायची. खऱ्या कंपनीला धक्का लागत नसे, आणि कोणावाचून किती अडतं ते मात्र आकड्यात कळे.

रानगंगाचं प्रकरण हातात आलं तेव्हाच अन्विताने आयोगाला लिहून दिलं होतं, की माझे वडील त्या कंपनीत एकतीस वर्षं कामाला आहेत. आयोगाच्या अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती वसुधा मणेरीकर, म्हणाल्या, "वजा वरच्या साहेबांची व्हायची आहे. वायरिंग विभागातल्या माणसाचा इथं संबंध येत नाही. तरीही तुमचा प्रत्येक निकाल आयोगाची पुण्याची तुकडी स्वतंत्रपणे तपासेल."

संबंध येणार नाही, हा त्यांचा अंदाज चुकला.

सुनावणी शुक्रवारी कोल्हापुरात झाली. सभागृह भरलं होतं. अन्विताने निकाल वाचून दाखवला. राजाध्यक्ष उद्यापासून नसले, तर वर्षभरात कंपनीचं उत्पादन शून्य पूर्णांक चार टक्क्यांनी घटेल. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. याउलट खरेदी विभागाच्या फरीदा मुजावर नसल्या, तर नवव्या दिवशी बसची बांधणी थांबेल. फरीदाबाईंचा पगार वर्षाला चव्वेचाळीस लाख होता.

सभागृहात टाळ्या वाजल्या. फरीदाबाई मागच्या रांगेत अवघडून बसल्या होत्या.

राजाध्यक्ष उठले. पन्नाशीचे, सडसडीत, आवाज न चढवणारे गृहस्थ. "निकाल मला मान्य आहे," ते म्हणाले. "प्रश्न एवढाच आहे, की शून्याचा अर्थ काय. चांगली बसलेली घडी एका माणसावाचून विस्कटत नाही. मुजावरबाईंवाचून अडतं, कारण त्यांच्या विभागाची घडीच बसलेली नाही. कायद्याच्या अकराव्या कलमाखाली मला तुलनेसाठी एका कर्मचाऱ्याचं नाव देता येतं. मी वायरिंग विभागातल्या सर्जेराव चौगुले यांचं नाव देतो."

अन्विताचे हात यंत्रावरच थांबले.

मणेरीकर मॅडमनी चष्म्यावरून राजाध्यक्षांकडे पाहिलं. "हे कोणाचे वडील आहेत ते माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे. म्हणूनच निवडलं. हा निकाल तरी माझ्या बाजूने फिरवला, असं कोणी म्हणणार नाही."

सर्जेराव सहाव्या रांगेत युनियनच्या लोकांबरोबर बसले होते. मॅडमनी त्यांची संमती विचारली. ते उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "करा की मॅडम. माझं काय झाकून ठेवलंय?"

अन्विता बाजूला झाली. तिच्या सहाय्यकाने कळ दाबली. दहा मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. शून्य पूर्णांक शून्य शून्य.

कोणीतरी हसलं. मग आणखी दोघंतिघं हसले आणि एकदम गप्प झाले.

"मी यांचा अपमान करत नाही," राजाध्यक्ष म्हणाले, आणि तसं त्यांच्या मनात नव्हतंही. "एकतीस वर्षं काम केलेला माणूस. त्यांचाही आकडा शून्य आला, पण त्यांचा पगार कापावा असं कोणी म्हणणार नाही. मग माझ्या बाबतीतच शून्याचा अर्थ निरुपयोगी असा का लावायचा?"

मॅडमनी सुनावणी सोमवारपर्यंत तहकूब केली.

शनिवारी सकाळी अन्विता कागलच्या घरी स्वयंपाकघरात बसली होती. आई, उज्ज्वला, थालीपीठ लावत होती आणि मधूनमधून लेकीच्या तोंडाकडे बघत होती. सर्जेराव मागच्या दारी कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी घालून आत आले.

"तोंड पाडून का बसलीयास?" त्यांनी विचारलं.

"बाबा, सगळ्या गावासमोर तुमच्या नावापुढे शून्य आलं. तेही माझ्या यंत्रावर."

"मग? किती यायला पायजे हुतं?"

"एकतीस वर्षं केलंत तुम्ही. काहीतरी यायला हवं होतं."

सर्जेराव हात पुसत तिच्यासमोर बसले. "तू सात वर्षांची असशील, तवा मला टायफॉइड झालता. अठरा दिवस अंथरुणात. ठावं हाय का?"

"अंधूक आठवतंय."

"रोज सांजच्याला चार माणसं घरला यायची. तारा घिऊन. 'दादा, ह्यो जोड बरा दाबलाय का बघा.' तापात उठून बघायचो. चौथ्या दिवशी लाइनच बंद पडली. तुझी आई सगळ्या गल्लीला सांगत फिरली, ह्यांच्याबिगर कंपनी चालत न्हाई म्हणून."

"मग काय खोटं सांगितलं?" आई तव्यावरून नजर न हलवता म्हणाली.

"खोटं न्हाई. पर मला झोप लागंना. म्हटलं, चाळीस माणसं बसणार त्या बसमधी. एक जोड ढिला राहिला तर घाटात आग लागंल. आणि त्यो जोड वळखणारा माणूस एकटा मी, त्योबी तापलेला. ह्यात काय मोठेपणा हाय?" त्यांनी थालीपीठ मोडलं. "बरा झालो, तवापासनं शिकवाय लागलो. एकाएकाला जवळ बसवून. जोड बोटाला कसा लागतो, ओढल्यावर कसा आवाज करतो. लिहून सांगता येत न्हाई ते. त्रेसष्ट जणं शिकली आजवर. बायाबी हायत त्यात. आता मी न्हाई गेलो तर काय अडत न्हाई. आगं, त्यापायीच तर बावीस वर्षं घालवली. काल तुझ्या यंत्रानं दाखिवलं, तवा मला लई बरं वाटलं."

अन्विता हातातला घास तसाच धरून बसली होती. राजाध्यक्षही हेच म्हणाले होते. बसलेली घडी. दोघांचा आकडा जवळजवळ तोच, दोघांचा युक्तिवादही तोच. मग फरक कुठे होता?

आणि तिला उंदीर आठवला.

जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेली गोष्ट होती ती. काही जनुकं अशी असतात, की मोठ्या झालेल्या उंदरातून ती काढली तरी त्याला काही होत नाही. तो खातो, पळतो, जगतो. पण तेच जनुक गर्भातून काढलं, तर उंदराचं हृदयच तयार होत नाही. जनुकाचं काम घडवण्याचं असतं. घडवून झालं की ते गप्प बसतं. तेव्हा 'काढल्यावर काय होतं' एवढं विचारून भागत नाही. केव्हापासून काढलं, हेही विचारावं लागतं. आणि कायद्याने लिहून ठेवलेली वजा नेहमी उद्यापासून सुरू होत होती.

"बाबा, तुम्ही शिकवायला लागलात ते २०२१ सालीच ना?" ती उठत म्हणाली.

"खाऊन तर जा!" आई ओरडली.

मणेरीकर मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. त्यांनी राजाध्यक्षांना विचारलं. त्यांचे वकील हरकत घेणार होते, पण राजाध्यक्षांनीच त्यांना थांबवलं. "बघू दे," ते म्हणाले. "मलाही बघायचं आहे."

मागच्या काळातून माणूस काढणं सोपं नव्हतं. जितकं मागे जावं तितकं धुकं वाढतं. एक ग्राहक वेगळा वागला की त्याच्यामागे शंभर गोष्टी बदलतात. त्यामुळे एकदा चालवून काही कळत नाही. हजार वेळा चालवायचं, प्रत्येक वेळी थोडी वेगळी परिस्थिती द्यायची आणि कितीदा काय झालं ते मोजायचं. यंत्र तीस तास चाललं. पुण्याच्या तुकडीने तेच गणित आपल्याकडे वेगळं चालवलं. रविवारी दुपारी दोन्हीकडचे निकाल जुळले.

वडिलांचा निकाल तिने दोनदा वाचला आणि थोडा वेळ खिडकीपाशी उभी राहिली. मग राजाध्यक्षांचा उघडला. ते २०३७ साली आले होते. त्या दिवसापासून ते कंपनीत नसते तर काय झालं असतं? हजारापैकी सहाशे चौदा वेळा कंपनीला सरकारपुढे हात पसरावाच लागला नसता. उडती टॅक्सीही नसती आणि बावीस मजलेही नसते.

तिला आनंद झाला. पण निकाल तिथे संपत नव्हता. उरलेल्या तीनशे शहाऐंशींपैकी दोनशे बत्तीस वेळा कंपनी तशीच अडचणीत आली असती, आणि एकशे चोपन्न वेळा ती २०३८ मध्येच कायमची मेली असती. त्या साली बँकांनी कर्ज परत मागितलं होतं, आणि नुकते आलेले राजाध्यक्ष चौदा महिने बँकांचे उंबरठे झिजवत होते. म्हणजे त्या एकशे चोपन्न शक्यतांतून कंपनीला त्यांनीच वाचवलं होतं.

संध्याकाळी ती वडिलांबरोबर तळ्याकाठी फिरायला गेली. "एक विचारू?" ती म्हणाली. "मी असं सांगू शकते, की उरलेल्या तीनशे शहाऐंशी वेळा कंपनी तशीही संकटात आली असती. ते खोटं नाही. आतली फोड मला कोणी विचारणारही नाही."

"फोड म्हंजे?"

तिने सांगितलं. सर्जेराव वाटेतल्या बाकावर बसले.

"तारेचा जोड अर्धाच दाबला, तरी दाबल्यागत दिसतो," ते म्हणाले. "नुसतं बघून कळत न्हाई. गाडी हलली की कळतं."

"त्या माणसाने तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं, बाबा."

"केलं की. पर चौदा म्हैने फिरला असंल तर फिरलाय. ते त्याचं त्येला दे."

सोमवारी सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. अन्विताने आधी जनुकाची गोष्ट सांगितली, साध्या शब्दांत. मग वडिलांचा निकाल सांगायला ती बाजूला झाली आणि पुण्याहून आलेल्या तंत्रज्ञाने तो वाचला.

२०२१ पासून सर्जेराव चौगुले नसते, तर हजारापैकी सातशे एकतीस वेळा सदोष वायरिंगपायी कंपनीला हजारो बस परत बोलवाव्या लागल्या असत्या. त्यांतल्या दोनशे चार वेळा, प्रवासी आत असताना, किमान एक बस रस्त्यात पेटली असती.

या वेळी कोणीही हसलं नाही. मणेरीकर मॅडमनी सहाव्या रांगेकडे पाहिलं. "चौगुले, तुम्हाला काही बोलायचं आहे?"

सर्जेराव उठले. "माझ्या एकट्याचं न्हवं मॅडम. शिकणाऱ्यांनी शिकलं म्हणून झालं," म्हणाले आणि खाली बसले.

मग अन्विताने राजाध्यक्षांचे तीनही आकडे वाचले. सहाशे चौदा. दोनशे बत्तीस. आणि एकशे चोपन्न. शेवटच्या आकड्याला तिने २०३८ सालच्या बँकांची हकिकत जोडली, काही न गाळता. राजाध्यक्ष इतका वेळ समोरच्या कागदाकडे बघत होते. तो आकडा आल्यावर त्यांनी मान वर केली.

निर्णय त्याच दुपारी आला. टिकवण भत्ता नामंजूर. विमान विकायचं. मुंबईचे बावीस मजले भाड्याने द्यायचे आणि मुख्यालय परत कागलला आणायचं. सरकारचे पैसे फिटेपर्यंत कंपनीतल्या कोणाचाही पगार सर्वांत कमी पगाराच्या पंचवीस पटींहून जास्त असणार नाही. फरीदा मुजावर यांना ताबडतोब दोन सहाय्यक द्यायचे, कारण एका माणसावाचून नवव्या दिवशी काम थांबणं हे कंपनीला धोक्याचं आहे. आणि राजाध्यक्षांनी या पगारात राहायचं की जायचं, ते त्यांनी ठरवावं.

सभागृह रिकामं होत असताना राजाध्यक्ष अन्विताकडे आले. जवळून ते थकलेले दिसत होते.

"ते एकशे चोपन्न तुम्ही सांगायलाच हवे होते, असं नव्हतं," ते म्हणाले.

"बाबा म्हणाले, तुमचं तुम्हाला द्यावं."

त्यांनी मान हलवली. "ते चौदा महिने मी रोज टपरीवर चहा पीत होतो, मिस चौगुले. ड्रायव्हरबरोबर. विमान नंतर आलं. विमान आल्यावर मी कोणाला भेटायचो, तेच आता आठवत नाही." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना भेटलेलं चालेल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरिंग विभागात दोन तास काढले. काय बोलणं झालं ते सर्जेरावांनी घरी मोजक्या शब्दांत सांगितलं. "म्हणला, दुसऱ्याला शिकवायला किती दिस लागतात? म्हटलं, शिकणारा कसा हाय त्यावर. आणि शिकवणाऱ्याला खुर्ची किती चिकटलीया त्यावर."

राजाध्यक्ष गेले नाहीत. कमी केलेल्या पगारावर ते पंधरा महिने राहिले. बँका, मंत्रालय, परदेशातले ग्राहक, जे जे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होतं ते त्यांनी फरीदाबाईंना दाखवलं, प्रत्येक बैठकीला त्यांना शेजारी बसवून. पहिल्या सहामाहीत दोघांची दोनदा कडाक्याची भांडणं झाली आणि फरीदाबाईंनी एकदा राजीनामाही लिहिला. तो त्यांनी दिला नाही. पंधरा महिने संपल्यावर फरीदाबाई कंपनीच्या प्रमुख झाल्या, पंचवीस पटींच्या आतल्या पगारावर, आणि कंपनीने सरकारचा पहिला हप्ता मुदतीच्या दोन महिने आधी फेडला. राजाध्यक्ष पुण्याला गेले. तिथे एका छोट्या पंप कारखान्याची घडी बसवतायत, असं कळलं.

कायद्यातही दुरुस्ती झाली. आता वजा करताना दोन प्रश्न विचारावे लागतात. हा माणूस उद्यापासून नसला तर? आणि तो आलाच नसता तर? अन्विताला दिल्लीहून बोलावणं आलं, तिथे मोठं पद होतं. तिने ते घेतलं, पण यंत्र शिकलेली चार माणसं कोल्हापुरात तयार करूनच ती निघाली. त्यात तिचे आठ महिने गेले. त्याचं तिला काही वाटलं नाही.

सर्जेराव सुनावणीनंतरच्या मार्चमध्ये निवृत्त झाले. उज्ज्वलाताई कधीपासून गणपतीपुळ्याला जाऊ या म्हणत होत्या. नवऱ्याने दर वर्षी काही ना काही कारण काढलं होतं, आणि खरं कारण त्यांना ठाऊक होतं. रानगंगाच्या बसमध्ये बसलं की सर्जेराव टक्क जागे असायचे. कान बसच्या पोटाकडे. कुठे खरखर झाली, दिवा जरासा थरथरला, की ते ड्रायव्हरपाशी जाऊन उभे राहायचे. मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्यांचं डोकं दुखायला लागायचं.

एप्रिलात दोघं निघाली. बस कोरी होती, सर्जेराव निवृत्त झाल्यानंतर बांधलेली. एकाही तारेला त्यांचा हात लागलेला नव्हता. उज्ज्वलाताईंनी डोकेदुखीची गोळी पर्समध्ये घेतली होती.

मलकापूर मागे पडलं. गार वारा आत येऊ लागला, वळणं सुरू झाली. उज्ज्वलाताईंनी, दरी बघा केवढी आहे, असं म्हणायला मान वळवली. सर्जेराव खिडकीला डोकं टेकवून झोपले होते. तोंड किंचित उघडं, बारीक घोरणं, टोपी मांडीवर. उज्ज्वलाताईंनी ती हळूच उचलून पिशवीत ठेवली.

आंबा घाट उतरून बस कोकणात शिरली, तरी सर्जेरावांना जाग आली नव्हती.